सीसी अकराशेच्या दोन मोटरी

"तुझा हात स्थिर आहे का?"

शेजारच्या लुसियन आजोबांनी कुंपणापलीकडून हे विचारलं, तेव्हा मंजिरी वाळलेले कपडे काढत होती. मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीच्या त्या गल्लीत ती राहायला आली तेव्हापासून हे फ्रेंच गृहस्थ शेजारी होते. पण कचऱ्याचे बिन बाहेर काढताना हात हलवणं आणि हवेबद्दल दोन शब्द, याच्या पलीकडे ओळख कधी गेली नव्हती.

"स्थिर म्हणजे?" तिने विचारलं.

लुसियननी आपला उजवा हात कुंपणाच्या फळीवर ठेवला. बोटं आपली आपण थरथरत होती.

"म्हणजे असा नसलेला," ते म्हणाले. "एका तारेला डाग द्यायचाय. पाच मिनिटांचं काम आहे. मी सकाळपासून करतोय."

कपड्यांची टोपली तिथेच ठेवून मंजिरी त्यांच्या गॅरेजमध्ये गेली. गॅरेजमध्ये गाडी नव्हती. लांबलचक टेबल, भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं, आणि टेबलावर तिच्या हाताएवढं लांब, हिरव्या रंगाचं एक इंजिन. असलं इंजिन तिने कधी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरची खोली टोकाला नसून बरोबर मध्यभागी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसकी लांबट नाकं. माथ्यावर विजेच्या तारेला टेकणारा पितळी सांगाडा. त्याचीच तार तुटली होती.

"सीसी अकराशे," लुसियन म्हणाले. "फ्रान्सच्या रेल्वेचं शंटिंगचं, म्हणजे यार्डात डबे जोडायचं-सोडवायचं इंजिन. अशी सगळी मिळून डझनभरच बांधली. मी तरुणपणी ऑर्लेआँजवळच्या यार्डात यांच्यावर होतो."

मंजिरीने सोल्डरिंगची कांडी उचलली. हातात धरल्याबरोबर तिला जाणवलं की हे आपण फार वर्षांनी करतोय. तरी बोटांना सगळं आठवत होतं. तार साफ केली, डाग दिला, फुंकर न मारता थंड होऊ दिला. लुसियननी भिंग लावून तो तपासला आणि तिच्याकडे नव्यानेच पाहिल्यासारखं पाहिलं.

"तू हे कुठे शिकलीस?"

मग सांगणं आलं. तिचे वडील विलासराव, म्हणजे अण्णा, यांचं जयसिंगपूरला मोटर भरायचं दुकान होतं. नदीकाठच्या शेतांवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटरी यायच्या, अण्णा त्यांतली जळकी तार उपसून नवी भरून द्यायचे. शाळा सुटली की मंजिरी दुकानात. पुढे ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली, भोसरीच्या एका कारखान्यात मोटरींच्या टेस्टिंगला लागली. मग हृषिकेशशी लग्न, त्याची आयटीतली नोकरी, त्याचा व्हिसा, मेलबर्न. इथे सुरुवातीला तिने अर्ज केले. सगळीकडे लोकल एक्स्पिरिअन्स हवा होता. तेवढ्यात चिन्मयी झाली. ती शाळेत जायला लागल्यावर मंजिरीने चाइल्डकेअरचा कोर्स केला आणि तेव्हापासून ती दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या खोलीत काम करत होती. तिथे ती दुःखी होती असं नाही. मुलं गोड होती. पण कुणी "तू काय करतेस" असं विचारलं की तिचं उत्तर नेहमी एका दमात संपायचं, आणि आज ते इतकं लांबलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"माझ्यापुढे एक अडचण आहे," लुसियन म्हणाले आणि गॅरेजचं मागचं दार उघडलं.

मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाला वळसा घालून, रूळ होते. वर खांबांवरून ताणलेली तार, छोटं यार्ड, यार्डात उभे असलेले पाच डबे. लुसियननी इंजिन रुळावर ठेवलं, खटका दाबला आणि हँडल हळूच फिरवलं. इंजिन क्षणभर कुरकुरलं आणि एकदम उडी मारल्यासारखं पुढे गेलं. डब्यांवर ते धाडकन आदळलं.

"बघितलंस? असं नव्हतं ते. अजिबात नव्हतं."

मग ते सांगत राहिले. त्या यार्डात दुरून येणाऱ्या गाड्यांचे डबे सोडवून दुसऱ्या गाड्यांना जोडायचे असत. डब्यांत माणसं झोपलेली. सीसी अकराशे वेगाने जाऊच शकत नसे, सायकलवाला तिला मागे टाकील. पण अख्खी गाडी ती अशी ओढायची, की सुरू कधी झाली ते कळू नये. त्यांचा उस्ताद एका डब्यात खिडकीशी पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा आणि शिकाऊ पोराला म्हणायचा, जोड आता. पाणी सांडलं की पुन्हा.

"घर विकलंय मी," ते म्हणाले. "बायको गेल्यापासून मुलगी मागे लागलीय, बेंडिगोला तिच्याकडे चला म्हणून. नोव्हेंबरच्या शेवटी जायचं. त्याआधी एका रविवारी आमच्या क्लबची माणसं इथे येणार आहेत, शेवटचं बघायला. मला तो ग्लास ठेवायचाय."

त्या शनिवारपासून मंजिरी आठवड्यातून दोन-तीनदा पलीकडे जायला लागली.

इंजिनाच्या दोन नाकांत दोन मोटरी होत्या, एकेक. दोन्ही लुसियननी स्वतःच्या हाताने भरलेल्या. पहिली तरुणपणी, दुसरी कितीतरी वर्षांनी, वेगळ्या तारेने. दोघींचा स्वभाव जुळत नव्हता. एक जागी व्हायची तेव्हा दुसरी झोपेत असायची, आणि दुसरी जागी झाली की दोघी मिळून झेप घ्यायच्या. मंजिरीने एक सोपा उपाय सुचवला. नखाएवढं इलेक्ट्रॉनिक सर्किट मिळतं, ते दोघींना सांभाळून घेईल.

"त्या इंजिनात असलं काही नव्हतं," लुसियन म्हणाले, आणि विषय संपला.

मग कुठली मोटर कमजोर आहे ते तरी बघावं, असं तिने ठरवलं. एके दिवशी लुसियन डॉक्टरकडे गेले होते. गॅरेजची किल्ली त्यांनी तिच्याकडे दिली होती. तिने जुनी मोटर वेगळी काढली, तिच्या दांड्यावरचं चाक पकडीत घट्ट धरलं आणि ती किती जोर लावते ते बघायला वीज सोडली. तेवढ्यात चिन्मयीचा फोन आला. ट्रेन रद्द झाली होती, बसचं काही खरं नव्हतं, आई स्टेशनवर येतेस का. बोलता बोलता मंजिरी अंगणात गेली. परत वळली ती वासाने. तो वास तिला झोपेतही ओळखू आला असता. वार्निश जळाल्याचा, कडवट, घशाला चिकटणारा.

तिने धावत जाऊन खटका बंद केला. मोटरीतून धुराची बारीक रेघ वर चढत होती.

लुसियन आले तेव्हा ती दारातच उभी होती. तिने काही लपवलं नाही. जुनी मोटर माझ्या हातून जळाली, चाक धरलेलं होतं आणि मी फोनवर होते, असं तिने सरळ सांगितलं. लुसियननी टेबलाशी जाऊन मोटर हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली.

"आज तू घरी जा," ते शेवटी म्हणाले.

"अगं, नवी मोटर ऑनलाइन मिळेल की," हृषिकेश संध्याकाळी म्हणाला. "दोन दिवसांत येते. मी ऑर्डर करू?"

"तशी नाही मिळणार. ती त्यांनी हाताने भरलेली होती."

"मग आता?"

पुढचे काही दिवस कपडे तिने ड्रायरमध्येच वाळवले. कुंपणापाशी जायला नको म्हणून.

रविवारी अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून दुकान बंद होतं, पण मोटर हा शब्द ऐकला की ते आजही सावरून बसत.

"कशानं जळाली?"

"चाक धरून ठेवलं, आणि विसरले."

"किती वेळ?"

"धूर येईपर्यंत."

अण्णा हसले. "मग जळणारच की गं. उघडलीस का?"

"नाही."

"आधी उघडून बघ. वास काय, सगळ्याच मोटरींना येतो. मेलेली कुठली आणि नुसती भाजलेली कुठली ते उघडल्याबिगर कळत नाही."

"ते आजोबा माझ्याशी बोलत नाहीत, अण्णा."

"बोलत नाहीत, का तू गेलीच नाहीस?"

मंजिरीने फोन दुसऱ्या हातात घेतला. अण्णांनी तो विषय तिथेच सोडला. मग म्हणाले, "तार बारीक असंल. खाचेच्या कडेला कागद घाल, न्हाईतर घासून सोलती. तुझी पहिली मोटर तशीच गेली होती, आठवतंय?"

त्या दुपारी ती शेजारी गेली. काहीतरी गोड करून न्यावं असं मनात आलं होतं, पण ते लाच दिल्यासारखं झालं असतं. ती रिकाम्या हाताने गेली.

लुसियन गॅरेजमध्येच होते. जळकी मोटर त्यांच्यापुढे फडक्यावर ठेवलेली होती, आणि शेजारी तीन वेगवेगळे स्क्रूड्रायव्हर.

"मी तुझ्यावर रागावलो नव्हतो," ते म्हणाले. "म्हणजे थोडा होतो, पहिल्या दिवशी. मग मी ठरवलं, ही उघडायची, पुन्हा भरायची. माझीच तर आहे." त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "एक स्क्रूसुद्धा निघाला नाही. मोटर गेल्याचं दुःख नाही मला, मंजिरी. मला आता ती भरता येणार नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं."

मंजिरीने खुर्ची पुढे ओढली.

"मी भरते," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी भरते."

मोटर उघडली. ती भाजलेली नव्हती, मेलेलीच होती. तार कोळशासारखी काळी पडली होती. मंजिरीने ती चिमट्याने उपसून काढली, खाचा साफ केल्या, कडांना कागद लावला आणि नवी तार गुंडाळायला घेतली. केसाएवढी तार. जास्त ओढली तर तुटणार, सैल सोडली तर फुगणार. लुसियन शेजारी बसून मोठ्याने वेढे मोजायचे, फ्रेंचमध्ये, आणि चुकले की स्वतःलाच शिव्या द्यायचे, त्याही फ्रेंचमध्ये. पहिला प्रयत्न फसला. शेवटच्या खाचेत तार सोलली गेली होती, मीटर लावल्याबरोबर कळलं. मंजिरीने सगळं उपसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बारावीच्या परीक्षेतून तासभर सुटका म्हणून चिन्मयी कधीतरी येऊन तारेचं रीळ धरायची. "धिस इज काइंड ऑफ मेडिटेटिव्ह," ती एकदा म्हणाली. मग थोड्या वेळाने, मराठीत, "आई, तू हे करताना वेगळीच दिसतेस." कशी, ते मात्र तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला मोटर फिरली. आवाज एकसारखा, कुठे अडखळणं नाही. लुसियननी ती कानाशी धरून ऐकली आणि डोळे मिटले. पण इंजिनात बसवून रुळावर ठेवली तर धक्का होताच. थोडा कमी, पण होता. आता नवी मोटर आधी जागी होत होती आणि दुसरी मागे राहत होती.

मंजिरीला कारण ठाऊक होतं. ते बोलून दाखवायला तिला एक अख्खा दिवस लागला.

"दुसरीही उघडावी लागेल," ती म्हणाली. "दोन्ही एकाच तारेने, एकाच हाताने भरल्या तरच जुळतील."

"ती चांगली आहे."

"हो."

"तू ती उघडलीस आणि बिघडली, तर इंजिनच राहणार नाही. पुढच्या रविवारी माणसं येणार आहेत."

"हो," मंजिरी म्हणाली. "आणि तुमच्या हाताने भरलेली ती शेवटची आहे, हेही मला माहीत आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही. धक्का राहील. लोकांना काही कळणार नाही."

लुसियन उठून मागच्या दाराशी गेले. लिंबाच्या झाडावर एक काळा-पांढरा मॅगपाय पक्षी बसला होता, त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग परत आले आणि त्यांनी मधला स्क्रूड्रायव्हर उचलून तिच्यापुढे धरला. तो त्यांच्या हातात थरथरत होता.

"लोकांना कळणार नाही," ते म्हणाले. "मला कळेल."

तो आठवडा मंजिरीचा कामावरून आलं की गॅरेज, एवढाच गेला. हृषिकेशने स्वयंपाक हातात घेतला आणि तीन दिवस ओळीने मुगाची खिचडी केली. चौथ्या दिवशी चिन्मयीने पिझ्झा मागवला. दुसरी मोटर पहिल्याच प्रयत्नात भरली गेली. वार्निश वाळल्यावर मंजिरीने दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, एकाच वेळी वीज सोडली आणि ती हळूहळू वाढवत नेली. दोघी एकाच क्षणी फिरायला लागल्या.

रविवारी लख्ख ऊन होतं. क्लबची माणसं घडीच्या खुर्च्या आणि सॉसेज घेऊन आली. बेंडिगोहून लुसियनची मुलगी आली. लुसियननी इस्त्रीचा शर्ट घातला होता. यार्डातल्या पाच डब्यांपैकी तिसऱ्याच्या छतावर त्यांनी औषधाच्या मापाचा चिमुकला ग्लास ठेवला, आणि चिन्मयीने ड्रॉपरने तो काठोकाठ भरला. पाणी काठाच्याही वर फुगून राहिलं.

लुसियन हँडलपाशी बसले. इंजिन सुरू झालं, आणि पुन्हा धक्का. मग आणखी एक. मंजिरी वाकून चाकांकडे बघू लागली. मग तिच्या लक्षात आलं की मोटरींचं काही चुकत नाहीये. हँडलवरचा हात थरथरतोय आणि इंजिन इमानाने तेच करतंय. इतक्या चांगल्या जुळल्या होत्या त्या, की हाताची प्रत्येक थरथर त्यांच्यापर्यंत पोचत होती.

लुसियनच्याही ते लक्षात आलं होतं. इंजिन डब्यांपाशी पोचायच्या आत त्यांनी ते थांबवलं.

"तू बस," ते म्हणाले.

"मी कधी चालवलं नाहीये."

"मीही नव्हतं चालवलं, पहिल्या दिवशी. बस."

मंजिरी बसली. लुसियन तिच्या मागे उभे राहिले. पहिल्या वेळी तिचा अंदाज चुकला, डब्यांना टिचकी बसली आणि ग्लासातलं पाणी छतावरून ओघळलं. कुणीतरी हसलं, कुणीतरी "नो वरीज" म्हणालं. चिन्मयीने ग्लास पुन्हा भरला.

"तू डब्यांकडे बघतेस," लुसियन हळू आवाजात म्हणाले. "इंजिनाकडे बघ. ते स्वतः जाऊन थांबतं. तू फक्त घाई करू नकोस."

मंजिरीने हँडल फिरवलं. आधी काहीच झालं नाही असं वाटलं. मग दिसलं, की चाकं फिरताहेत. हिरवं इंजिन रुळावरून असं निघालं की मुंगीलाही वाट सोडावी लागू नये. अंगणातलं बोलणं थांबलं. इंजिन डब्यांजवळ गेलं, आणखी जवळ, आणि मग सगळी गाडी, पाचही डबे, त्याच्याबरोबर सरकू लागली.

"लागलं का?" पुढच्या खुर्चीतल्या आजींनी विचारलं. "मला दिसलंच नाही."

पाणी काठावर फुगून तसंच होतं.

लुसियननी मंजिरीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गाडी लिंबाला वळसा घालून येईपर्यंत तो तिथेच राहिला.

जेवताना क्लबमधली ट्रिश नावाची एक धिप्पाड बाई मंजिरीशेजारी येऊन बसली. ती एका ट्राम दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मोटर विभाग सांभाळत होती.

"लुसियन म्हणतो, दोन्ही तू भरल्यास."

"हो. पण त्यांच्या सांगण्यावरून."

"त्याला मी वीस वर्षं ओळखते. तो असं कुणाबद्दल म्हणत नाही." ट्रिशने सॉसेजचा घास घेतला. "आमच्याकडे मोटर भरणारी माणसं राहिली नाहीत. जुनी रिटायर झाली, नवीन कुणाला हातात तार धरायची नाही. तुला यायचंय का बघायला? फक्त बघायला."

मंजिरी बघायला गेली. नंतर चाचणीला गेली. जी जागा मिळाली ती इंजिनिअरची नव्हती, कामगाराची होती, निळ्या कपड्यांतली, सकाळी लवकर सुरू होणाऱ्या शिफ्टची.

"पण तू बीई आहेस," हृषिकेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती. "पुन्हा तळापासून?"

"तळ मला आवडतो," मंजिरी म्हणाली. "वर जायचं की नाही ते नंतर बघू. आधी मला तिथे जायचंय." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "सकाळचा डबा मात्र तुला करावा लागेल."

"खिचडी चालेल?"

"कधीतरी."

नोव्हेंबरच्या शेवटी लुसियनचं अंगण मोकळं झालं. रूळ आणि खांब क्लबने नेले. क्लबच्या जागेत ते पुन्हा मांडायचे होते. सीसी अकराशेही तिकडेच गेली. लुसियन तिला कपाटात ठेवायला तयार नव्हते. तिने काम केलं पाहिजे, म्हणाले. महिन्यातून एकदा मंजिरीने ती चालवावी, असं त्यांनी क्लबला परस्पर सांगूनही टाकलं होतं. मुलीच्या गाडीत बसताना त्यांनी मंजिरीला नेहमीसारखा हात केला, जणू बिन बाहेर काढायचा दिवस होता. गाडी वळेपर्यंत ती रस्त्यात उभी राहिली. मग घरात जाऊन ती थोडा वेळ रडली, आणि चहा टाकला.

फेब्रुवारीत ती कामाला लागली. पहिल्या आठवड्यात ट्रिशने तिच्या टेबलावर ट्रामच्या मोटरीचा फिरता भाग आणून ठेवला. तो उचलायला क्रेन लागली होती. त्यातून कडवट वास येत होता, आणि वर खडूने फुली मारलेली होती.

"हा भंगारात जायचाय," ट्रिश म्हणाली. "म्हटलं, आधी तू एकदा बघ."

मंजिरीने वाकून खाचांवरून बोट फिरवलं. तांब्याच्या जाड पट्ट्या. जयसिंगपूरच्या दुकानात एवढं मोठं कधी काही आलं नव्हतं. दुपारी ती अण्णांना फोटो पाठवणार होती, आणि ते तासभर तरी फोन ठेवणार नव्हते.

"आतून बघितल्याशिवाय नाही सांगता येणार," ती म्हणाली. "हातमोजे कुठे मिळतील?"